धरणाचं पाणी, बोअरचं पाणी

पुण्यात दोन प्रकारचं पाणी नांदतं. पेठांत, डेक्कनला, कोथरूडमध्ये नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकात फारसा न मुरता वाहत धरणात येतो, म्हणून ते हलकं असतं. साबण लगेच फेसतो, डाळ वेळेत शिजते. वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस या बाजूंना मात्र अनेक सोसायट्या बोअरवर आणि टँकरवर जगतात, आणि टँकरही बहुतेकदा कुठल्या तरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. ते पाणी जड. पत्त्यात दोन्हीकडे पुणेच लिहायचं, पण न्हाणीघरातला नळ सांगतो की आपण शहराच्या कुठल्या भागात राहतो.

पाणी जड होण्यात कुणाचं पाप नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. पुढे ते आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून उतरतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. जितका मुक्काम लांब, तितका क्षार जास्त. दहा-पंधरा मीटरच्या जुन्या विहिरी आटल्यावर आपण शेकडो फूट खाली गेलो, आणि बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं खडकात बसलेलं पाणी उपसू लागलो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजेच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. लिटरला ४०० मिलिग्रॅम धरून हिशेब करून पाहा. चार माणसांचं घर माणशी १३५ लिटर वापरत असेल, तर रोज दोनशे ग्रॅमांहून अधिक चुना त्या घरातून वाहत जातो. बराचसा गटारात जातो. उरलेला थोडा तोटीवर पांढरं कवच धरतो, शॉवरची भोकं बुजवतो, बादलीला रेघ आणतो.

सर्वांत जास्त बसतो तो गिझरमध्ये. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट मोडतात आणि चुना कॉइलवर जमतो. त्या थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि शेवटी जळते. तापमान साठच्या वर ठेवलं तर हे फार वेगानं होतं. पन्नास-पंचावन्नवर ठेवलं तर गिझर पुष्कळ टिकतो. ही साधी गोष्ट गिझर विकताना कुणी सांगत नाही.

स्वयंपाकघरात डाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी एकजीव होत नाही, कारण कॅल्शियम तिच्या पेशींच्या भिंती घट्ट करतं. मग चिमूटभर सोडा पडतो आणि डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं. साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो फरशीवर, कपड्यांच्या धाग्यांत आणि केसांवर राहतो. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पिढ्या शिकेकाई आणि रिठ्यानं न्हायच्या. त्यांचा फेस जड पाण्यातही फाटत नाही, साका धरत नाही. मला हे ज्ञान मोठं वाटतं. आणि या सगळ्याचा पहिला भार भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बाईच्या हातांवर पडतो. डाग निघेपर्यंत घासायचं तिनं, जास्तीचा साबण सोसायचा तिच्या कातडीनं. सोसायटीच्या पाण्याच्या चर्चेत तिला कुणी विचारत नाही.

भीती मात्र भलत्याच ठिकाणी साठली आहे. जड पाण्यानं मुतखडा होतो, असं सर्रास सांगितलं जातं; ते सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. इसब असलेल्या मुलांच्या घरी पाणी हलकं करणारा सॉफ्टनर बसवून इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत इसबात फरक दिसला नाही. म्हणजे जड पाण्याचा त्रास सर्वांत कमी असतो तो पिण्यात, आणि आपण पैसे ओततो ते पिण्याच्या पाण्याच्या आरओवर. एक लिटर गाळायला घरगुती आरओ अनेकदा दोन-तीन लिटर टाकून देतो. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं. तरीही धरणाचं हलकं पाणी पिणाऱ्या घरांत ही यंत्रं भिंतीवर दिसतात.

सॉफ्टनरचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. त्यातली राळ पाण्यातलं कॅल्शियम धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. राळ भरली की मिठाच्या पाण्यानं धुवायची. वर हिशेबात धरलेल्या घराला रोज साधारण अर्धा किलो मीठ लागेल. दोनशे घरांच्या सोसायटीला शंभर किलो. हे सगळं मीठ सांडपाण्यात जातं, आणि आपली सांडपाणी प्रक्रिया केंद्रं मीठ काढत नाहीत. तेच पाणी सोसायटीच्या बागेला दिलं की माती घट्ट होत जाते. सोडियमनं चोपण झालेली जमीन काय असते हे नीरा-भीमेकाठच्या शेतकऱ्याला विचारा. उरलेलं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. त्या धरणावर सोलापूर पाणी पितं. आपल्या केसांचा मऊपणा आपण खालच्या गावांच्या माथी मारतो आहोत, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस धरून २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. बऱ्याच इमारती त्याआधीच उभ्या होत्या. पालिकेचं पाणी पोहोचेपर्यंत सोय बिल्डरनं करायची, अशी हमीपत्रं घेऊन परवानग्या दिल्या गेल्या. पुढे बिल्डर गेला आणि टँकर राहिला. तेव्हापासून जड पाणी हा प्रत्येक घराचा खाजगी प्रश्न झाला: ज्याला परवडेल त्यानं यंत्र घ्यावं, नाही त्यानं डाग घासावेत. पाणी कुठून आणि कुणाला, हे ठरवण्याची जबाबदारी शहराची होती. ती सोसायटीच्या तळघरातल्या सॉफ्टनरच्या एका निळ्या टाकीवर येऊन थांबली, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

छतावरच्या पावसात कठीणपणा जवळजवळ नसतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छतावर सत्तर हजार लिटर. गळती वजा करूनही पन्नास हजारांवर लिटर हाती लागतात. ते बोअरमध्ये नीट गाळून सोडलं तर खडकातलं पाणी थोडं तरी हलकं होईल, आणि पातळीही सावरेल. नव्या इमारतींना पर्जन्यसंचयाची सक्ती आहेच. पाईप बसले आहेत, पण ते कुठे उतरतात हे सोसायटीत किती जणांनी पाहिलं आहे?

घर घ्यायला जाल तेव्हा पार्किंगच्या आधी बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा कठीणपणा विचारा, आणि तोंडी नको, प्रयोगशाळेचा कागद मागा. राहत असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन विषय ठेवा: सॉफ्टनरचं पाणी फक्त गिझरच्या नळापुरतं देता येईल का, आणि पालिकेची जलवाहिनी आपल्या गल्लीत कधी येणार, याचं लेखी उत्तर कुणाकडून घ्यायचं. पत्रावर सह्या सगळ्या घरांच्या असू द्या.