उलट्या क्रमाचा हिशेब

हिवाळ्यात सकाळी पाचगणीच्या कड्यावरून खाली पाहिले, तर कृष्णेचे खोरे अनेकदा धुक्याने काठोकाठ भरलेले दिसते. वर कोवळे ऊन, खाली वाईकडे गारठा. उंचावर जावे तशी हवा थंड होते, हा शाळेतला नियम इथे उलटतो. निरभ्र, पडलेल्या वाऱ्याच्या रात्री डोंगरउतार लवकर निवतात. त्यांना लागलेली गार, जड हवा घरंगळत तळाशी साचते आणि उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या झाकणाखाली चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. ऊन तापले की सारे पूर्ववत होते.

पाचगणीचे टेबललँडही काही भूवैज्ञानिकांच्या मते असेच उलटलेले आहे. त्यांच्या मांडणीनुसार, त्यावरचा जांभा खडक एकेकाळी सखल भागात तयार झाला. आजूबाजूची मऊ जमीन झिजून गेली आणि तळ होता तो माथा झाला.

 मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारांतही ही उलटापालट ऐकू येते. षड्जाच्या वरच्या पंचमाची कंपनसंख्या षड्जाच्या दीडपट. तोच पंचम षड्जाखाली मंद्रात लावला, की त्याच्यापासून षड्ज चार-तृतीयांश पट, म्हणजे षड्ज-मध्यमाइतक्या अंतरावर येतो. स्वर तेच, नाते नवे. पाश्चात्त्य संगीतात याला इन्व्हर्जन म्हणतात.

या उलटापालटींचे बिल कुणाला येत नाही. माणसाने घडवलेल्या उलटापालटीचे येते.

कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जायचे. त्यातला मोठा वाटा बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीकडे वळवला जातो आणि वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतो. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या वापराला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. तिकडे सांगली जिल्ह्यात म्हैसाळ योजनेचे पंप कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढावर उचलून कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी शिवारात नेतात. एकीकडे पाणी वळवून वीज होते, दुसरीकडे वीज जाळून पाणी चढते. बिल थकले, की म्हैसाळचे पंप बंद पडल्याचे या भागाने पाहिले आहे.

कोयनेतून आलेल्या विजेने महाराष्ट्रातले कारखाने उभे राहिले, जतच्या रानात बागा फुलल्या. दोन्ही कामे मोलाचीच. पण ज्यांची गावे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बुडाली, त्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरते झालेले नाही. पाण्याचा क्रम बदलण्याचा खर्च मांडताना त्यांची थकबाकी पहिल्या ओळीत लिहिली पाहिजे आणि सरकारने ती आधी फेडली पाहिजे.