पूर्वजांची पलटण

ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो मराठ्यांपासून हिरावून घेतला, तेव्हा चाल करून गेलेल्या फौजेत गोऱ्यांबरोबर देशी शिपाईही होते. कंपनीच्या पलटणीत नोकरी केलेल्या अशा पूर्वजाचा वंशजांनी अभिमान धरावा काय?

बाहेरून येऊन येथलेच झालेल्या बेने इस्राएल लोकांचे उदाहरण घ्या. अलिबागनजीक नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवार पाळीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. घाण्यावरच्या माणसास हुद्दा सहसा लाभत नसे. कंपनीच्या सैन्यात तो लाभला. त्या सैन्यातील सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत सिनेगॉग उभारले. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ चे. ज्या समाजाने त्यांस वर चढू दिले नाही, त्याने त्यांना फितूर म्हणणे शोभत नाही. शिवाय त्या काळी शिपायाचे इमान बहुधा पगाराशी असे. असईच्या लढाईत, १८०३ साली, शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नामक हॅनोव्हरच्या जर्मनाच्या हुकमतीखाली इंग्रजांशी लढल्या. आणि हॅनोव्हरचा अधिपती म्हणजे इंग्लंडचाच राजा! पुढे हे गृहस्थ कंपनीच्या चाकरीत गेले ते गेलेच.

‘काळच तसा होता’ एवढे म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोष काळाचा असेल, तर पराक्रमही काळाचाच मानावा लागेल. मग पदकाचा अभिमान कशास?

आपल्या धर्मशास्त्राने पित्याचे ऋण पुत्रावर ठेवले. जुगार व मद्यापायी काढलेले कर्ज मात्र वगळले. २००५ च्या कायद्याने पुढील कर्जांपुरते ते धार्मिक बंधनही काढून टाकले. पैशाच्या बाबतीत हे योग्यच. परंतु पूर्वजाच्या निवृत्तिवेतनावर शिकलेल्या पिढ्या ते शिक्षण काही परत करीत नाहीत. लाभ ठेवून घ्यावयाचा आणि त्याच्या बंदुकीपुढे कोण होते ते विसरावयाचे, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

ज्यांच्या घरी पूर्वजाची सनद चौकटीत लावलेली असेल, त्यांनी तीतील लढायांची नावे मुलांस खुशाल अभिमानाने वाचून दाखवावीत. मात्र १८१७ ची खडकी आली, की समोर बापू गोखले होते, हेही त्याच बैठकीत सांगावे.