जुन्याचा निस्तार

नवे आले म्हणजे जुन्याने वाट सोडावी, हा व्यवहाराचा नियम आपण इतक्या सहजपणे मान्य केला आहे की, जाताना जुने आपल्याबरोबर कोणाचे काय घेऊन चालले आहे, हे विचारण्याचे भान आपणांस राहत नाही. अलीकडे एका क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीने हा प्रश्न मजपुढे उभा केला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील खेड्यांतून हिंडून मी झाडीबोलीतील जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, आणि त्या काळच्या संगणकावर एका मराठी लेखनाच्या प्रोग्राममध्ये टंकित करून ठेवल्या होत्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. गेल्या वर्षी ओव्या सांगणाऱ्या एका बाईंचा नातू दारी आला. आजी निवर्तली होती; "तिच्या ओव्या तुमच्यापाशी आहेत म्हनतात, सर," एवढेच तो म्हणाला. मी मोठ्या आत्मविश्वासाने संगणक उघडला. प्रोग्राम चालविण्यास नव्या यंत्राने साफ नकार दिला. फाईल तशीच उघडून पाहिली, तो पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग!

कारण साधे होते. तो प्रोग्राम 16 बिटांच्या रचनेसाठी लिहिलेला. आजची 64 बिटांची विंडोज 32 बिटांच्या जुन्या प्रोग्रामांस एका मध्यस्थ व्यवस्थेच्या द्वारे सामावून घेते. 16 बिटांस मात्र तेथे थारा नाही. ॲपलने तर 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून 32 बिटांसही दार लावले. यात निव्वळ निष्ठुरता आहे, असे मी म्हणणार नाही. जुने प्रत्येक दार उघडे ठेवावयाचे, तर त्या प्रत्येकावर पहारा ठेवावा लागतो. आणि पूर्वजांच्या सोयीखातर नातवंडांनी जन्मभर अंधाऱ्या घरात राहावे, हेही न्यायाचे नव्हे.

शेवटी मार्ग निघाला तो डॉसबॉक्स नामक विनामूल्य प्रोग्रामाने. मूळ जुन्या खेळांसाठी निर्माण झालेला हा प्रोग्राम नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे सोंग घेतो. जुना प्रोसेसर ज्या आज्ञेवर जे करी, ते तो एकेक आज्ञा घेऊन करून दाखवितो. त्यात मजजवळच्या फ्लॉपींवरून विंडोज 3.1 बसविली, आणि माझा वृद्ध प्रोग्राम आपण आपल्याच घरी आहोत अशा समजुतीने उघडला. ही फसवणूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. समर्थाने क्षणभर आपले सामर्थ्य आवरून दुर्बळाच्या भाषेत त्याच्याशी बोलावे, यास आपण सौजन्य म्हणतो.

परंतु सौजन्य हा कायमचा आसरा नव्हे. जुन्या टंकांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी, आणि प्रत्येक निर्मात्याने आपापल्या मर्जीप्रमाणे, बसविलेले असत. युनिकोडात अक्षरासच त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो. म्हणून ओव्या युनिकोडात आणणे भागच होते. ते करीत असता प्राध्यापकी सवयीने मी 'पानी'चे 'पाणी' करीत चाललो. शेजारी बसलेला नातू संकोचाने म्हणाला, "सर, आजी पानी म्हने." मी जुन्या पडद्याकडे पाहिले. तेथेही, माझ्याच हातचे, 'पानी'च होते.

त्या एका अक्षराने मला माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. नव्यात उतरविणारा हात सुधारणेच्या नावाखाली पुसूनही टाकतो. म्हणून उतरविणे पुरे होईपर्यंत जुन्याची साक्ष जिवंत ठेविली पाहिजे.

आमच्या जिल्ह्यास हा धडा नवा नाही. 1951 साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. आजही लोक त्यांस माजी मालगुजारी तलाव, किंवा लाडाने मामा तलाव म्हणतात. मालगुजाराची सत्ता संपली, ते योग्यच झाले. परंतु गावकऱ्यांचे पाणी, चराई, सरपण यांवरील हक्क त्याच्याबरोबर बुडू नयेत, म्हणून निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांत ते लिहून ठेवण्याची तरतूद कायद्याने केली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ती आहे. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात कितपत पाळला जातो, हा प्रश्न निराळा. तत्त्व मात्र निर्दोष आहे. मालकी नष्ट करा, निस्तार नष्ट करू नका.

संगणकाच्या राज्यातही न्याय हाच असावा. जुन्या प्रोग्रामास अमरत्व देण्याचे ऋण आपणांवर नाही. ऋण आहे ते, ज्या माणसांनी विश्वासाने आपले बोल त्याच्या स्वाधीन केले, त्यांचे. ते बोल जसेच्या तसे बाहेर येईपर्यंत दार किलकिले ठेवावे. मग खुशाल लावावे.

नातू ओव्यांचे छापील कागद घेऊन गेला. त्यांत पाणी कोठेही नाही. सर्वत्र पानीच आहे.