खुर्द्याची गणती : रणभूमी पाहण्याच्या नीतीविषयी

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर ‘काला अंब’ या नावाने ओळखली जाणारी जागा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि अहमदशाह अब्दाली यांच्या सैन्यांत झालेल्या युद्धाशी ती जोडली जाते. तेथे एक आंबा होता आणि रक्ताने भिजलेल्या मातीमुळे तो काळा पडला, अशी आख्यायिका आहे. तो आंबा आज नाही. त्याची खूण म्हणून विटांचा एक स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा आणि भोवती कुंपण आहे. ज्या घटनेने मराठी इतिहासाचे दोन भाग केले, तिचे दृश्य म्हणावे असे त्या भूमीवर काहीही उरलेले नाही. तरीही महाराष्ट्रातून माणसे तेथे जातात, काही क्षण स्तब्ध उभी राहतात आणि ‘पानिपत पाहिले’ असे म्हणत परततात. त्यांनी नेमके काय पाहिले, आणि ते पाहण्याचा त्यांना कोणता अधिकार होता, असे दोन प्रश्न येथे उद्भवतात. पहिला ज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. परंतु पहिल्याचे उत्तर शोधू लागताच दुसरा आपोआप पुढे येतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. रणभूमी मुकी असते. बोलते ती संहिता. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ती वाचून गेलेला मराठी प्रवासी त्या मैदानात जे पाहतो, ते त्याने आधीच वाचलेले असते. जमीन केवळ त्याच्या वाचनाला पुरावा पुरवते. याचा अर्थ असा की, रणभूमीचा प्रेक्षक हा वस्तुतः वाचक आहे, आणि त्याच्या पाहण्याची नीती ही वाचनाचीच नीती आहे. म्हणूनच हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो.

अशा स्थळांविषयीचा नेहमीचा नैतिक आक्षेप उथळपणाचा असतो. जेथे हजारो माणसे मेली तेथे लोक डबे उघडतात, छायाचित्रे काढतात, मुले पळापळ करतात, अशी तक्रार केली जाते. हा आक्षेप फार दूर जात नाही. गंभीर मुद्रा ही आदराची खूण असतेच असे नाही. ती स्वतःच्या संवेदनशीलतेवर खूश होण्याचाही एक मार्ग असू शकतो. उलट, डबा उघडणाऱ्या कुटुंबाने तेथून एखादा अवघड प्रश्न घरी नेला असेल, तर त्याची भेट निष्फळ म्हणता येणार नाही. खरा आक्षेप अधिक खोल आहे. रणभूमीवर मिळणारी एक प्रकारची उन्नत, कातर आणि काहीशी सुखद भावना कोठून येते, आणि तिची किंमत कोण मोजतो, हा तो आक्षेप होय.

एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताची मीमांसा करताना भयाला सुरक्षित अंतराची जोड मिळाली की आनंद निर्माण होतो, असे प्रतिपादन केले होते. उत्कृष्ट शोकांतिकेचा प्रयोग चालू असताना शेजारच्या चौकात एखाद्या बड्या गुन्हेगाराला देहदंड दिला जाणार असल्याची बातमी आली, तर नाट्यगृह क्षणात ओस पडेल, असेही त्याने नोंदवले. बर्कचा हा चौक आणि रणभूमी यांत फरक काळाचा आहे, जातीचा नाही. भारतीय साहित्यशास्त्राने याच कोड्याला अधिक उदार उत्तर दिले. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार, रंगभूमीवरचा शोक हा ना नटाचा असतो, ना ऐतिहासिक व्यक्तीचा, ना प्रेक्षकाचा. तो विशिष्ट व्यक्तीपासून सुटतो, म्हणूनच तो दुःख न राहता करुण रस होतो. अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगताना ‘हे माझे’ किंवा ‘हे अमक्याचे’ अशा जाणिवेने बांधलेला देशकालविशेषाचा आवेश हे एक विघ्न मानले आहे.

येथेच रणभूमीचा प्रश्न वेगळा होतो. रंगभूमीवर जे विघ्न, तेच रणभूमीचे सर्वस्व आहे. विशिष्ट देश आणि विशिष्ट काळ सोडले तर काला अंबला जाण्याचे प्रयोजनच उरत नाही. करुण रसासाठी घरातली कादंबरी पुरेशी आहे. प्रवासी इतक्या दूर जातो तो ‘येथेच, त्या दिवशी, ही माणसे’ या तिहेरी निर्देशासाठी. परंतु तेथे पोचल्यावर सहृदयतेची जुनी सवय कामाला लागते आणि मेलेल्या माणसांचे ‘वीर’, मरणाचे ‘बलिदान’ व पराभवाचे ‘शोकपर्व’ होते. नाटकातले दुष्यंत-शकुंतला साधारण झाल्याने कोणावर अन्याय होत नाही. रणात मेलेला मनुष्य मात्र खरोखर जगलेला होता. त्याला साधारण करणे म्हणजे त्याच्याकडून उरलेसुरले विशेषही काढून घेणे होय.

मराठी भाषेनेच हे काम पानिपतच्या बाबतीत कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. ‘विश्वास पानिपतावरच गेला’ या वाक्प्रचारात पेशव्यांच्या मुलाचे विशेषनाम श्लेषाच्या वाटेने सामान्यनाम झाले. सैन्याबरोबर चालणाऱ्या न लढणाऱ्या माणसांना ‘बुणगे’ म्हणत. तो शब्द ‘बाजारबुणगे’ या रूपात आज केवळ तुच्छतेसाठी उरला आहे. भाऊंच्या छावणीत यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या, नोकरचाकर आणि व्यापारी होते, आणि लढाई संपल्यानंतरच्या कत्तलीत अशा माणसांचा फार मोठा भाग नाहीसा झाला. त्यांच्या वाट्याला भाषेत आली ती एक शिवी. पराभवाची वार्ता पेशव्यांपर्यंत सावकारी चिठ्ठीच्या सांकेतिक भाषेतून पोचली, असे परंपरेने सांगितले जाते. दोन मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे बाकी सारे. मोत्यांची नोंद आहे, मोहरांचा आकडा आहे, खुर्द्याची गणती मात्र नाही, असा तिचा आशय. या चिठ्ठीचे नैपुण्य वाखाणले जाते. परंतु तिच्यात रणभूमीकडे पाहण्याची एक संपूर्ण पद्धत सामावलेली आहे. काला अंबला उभ्या राहणाऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर भाऊ येतात, विश्वासराव येतात, इब्राहिमखान गारदी येतो. म्हणजे तोही मोत्ये आणि मोहराच मोजतो.

याच्या नेमका उलट दाखला पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भीमेच्या काठी उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटनची कंपनी सरकारची तुकडी आणि पेशव्यांचे सैन्य यांत लढाई झाली, आणि तिच्या स्मरणार्थ इंग्रजांनी जयस्तंभ उभारला. तो साम्राज्याने स्वतःच्या गौरवासाठी लिहिलेला मजकूर आहे. परंतु त्यावर खुर्द्याची गणती आहे. कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावे तेथे कोरली असून त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजातील नामप्रत्यय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बंद केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भेटीचा अर्थ कळतो. स्तंभ ज्यांनी उभारला त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ बाजूला सारून त्याच अक्षरांमधून दुसरा अर्थ वाचण्याची ती कृती होती. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूशी बांधलेला नसतो, हे तत्त्व पुढे विद्यापीठांत शिकवले गेले. ते येथे दगडावर सिद्ध झाले. आणि हे वाचन शक्य झाले ते दगडावर नावे होती म्हणून. केवळ ‘शूर शिपाई’ असे लिहिले असते, तर त्यात कोणालाही आपला पूर्वज सापडला नसता.

तथापि नावेही अखेरचे उत्तर ठरत नाहीत. त्या स्तंभावर पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची, त्यांतल्या अरब शिपायांची नावे नाहीत. शिवाय कोरलेले प्रत्येक नाव कालांतराने प्रतीकात विरघळू लागते. २२ माणसांचा एक समुदाय होतो आणि समुदायाचे ‘शौर्य’ होते. प्रतीकाची गरज ज्यांना शतकानुशतके प्रतिष्ठा नाकारली गेली त्यांना असते, आणि ती न्याय्य आहे. पण प्रतीकांच्या संघर्षात माणूस पुन्हा एकदा खुर्दा होऊ शकतो. लढाईला २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, त्या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. मृतांच्या स्मरणभूमीने जिवंतांतला एक घेतला. रणभूमीचे वाचन हा निव्वळ सौंदर्यशास्त्रीय विषय नाही, याची याहून कठोर साक्ष नसेल.

संग्रहालयाकडे वळले की हाच प्रश्न सौम्य रूपात भेटतो. कोल्हापूरजवळील कणेरी मठाच्या आवारात माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून जुने ग्रामजीवन उभे केले आहे. कुंभार, लोहार, सुतार आपापल्या कामात गढलेले दिसतात आणि पाहणारा त्या कौशल्याने प्रसन्न होतो. परंतु तेथला कुंभार कोणी एक कुंभार नाही. तो ‘कुंभार’ आहे. त्याला कर्ज नाही, भांडण नाही, बलुत्याची थकबाकी नाही. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या कुरबुरी आणि ओढाताणी नोंदवल्या, त्या तेथे शिरू शकत नाहीत, कारण साधारणीकरण पूर्ण झाले आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातही सामान्यांच्याच वस्तू आहेत : अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या. त्यांच्या धन्यांची नावे अज्ञात आहेत. पण झिजलेली मूठ ही कोणा एकाच हाताने झिजलेली असते. वस्तू नाव सांगत नसली तरी कोणीतरी विशिष्ट मनुष्य होता, एवढे ठामपणे सांगते. आणि दिनकर केळकरांनी हा सारा निनावी संसार आपल्या अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभा केला. सामान्य वस्तूंच्या त्या पसाऱ्याला एका मुलाच्या अनुपस्थितीने विशेषत्व दिले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्यांची नावे कायमची हरवली, त्यांचे विशेष स्मरण करणार तरी कसे? पानिपतच्या खुर्द्याची गणती आता शक्य नाही. मग साधारणीकरणावाचून दुसरा मार्ग कोणता? आक्षेप बिनतोड आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. नाव माहीत नसणे आणि नावाची गरजच नाही असे मानणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत एक रिकामी जागा राखलेली असते. दुसरीत ती जागा ‘वीर’, ‘हुतात्मा’, ‘बुणगे’ अशा तयार शब्दाने बुजवलेली असते. कादंबरीकाराला ती जागा कल्पनेने भरण्याचा अधिकार आहे, कारण त्याने नाव दिलेल्या माणसाला वाचक कल्पित म्हणून ओळखतो. प्रवाशाला तो अधिकार नाही. त्याला फक्त ती जागा रिकामी आहे, हे पाहता येते.

या अर्थाने काला अंबचा तो ओकाबोका स्तंभ, त्याची रचना कोणत्याही हेतूने झालेली असो, एक प्रामाणिक स्मारक आहे. त्याच्यापाशी जाऊन ‘काहीच पाहण्यासारखे नाही’ असे म्हणणारा प्रवासी अजाणता खरे बोलत असतो. त्या वाक्यावर तो थांबला आणि काही नसण्याचे कारण विचारू लागला, तर त्याच्या पाहण्याला सुरुवात झाली असे म्हणता येईल. मोत्ये आणि मोहरा मोजून झाल्यावर चिठ्ठी जेथे संपते, तेथून पुढचा हिशेब त्याच्या वाट्याचा आहे. तो पुरा होणार नाही; परंतु तो संपला असे मानून परतण्याची मुभाही त्याला नाही.