बालाघाटावर इटली?

मुळशीच्या डोंगरांत लवासा उभं राहिलं ते इटलीतल्या पोर्तोफिनोचा तोंडवळा घेऊन. मग बीडच्या बालाघाट डोंगरांतल्या अंबाजोगाईनेही पर्यटकांसाठी असं सोंग घ्यावं का?

अमेरिकेतल्या लेव्हनवर्थने १९६०च्या दशकात बव्हेरियन रूप घेतलं. तिथला लाकूडधंदा बसला होता, पोटाचा प्रश्न होता. त्या सोंगाला हसू नये.

पण अंबाजोगाईत प्रश्न अद्वैताचाही आहे. देहाची उपाधी बाजूला सारून ‘मी कोण’ हे शोधणारा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली रचला. त्यांची समाधी इथेच दाखवतात. दासोपंतांनी तर कापडाच्या पासोडीवर वेदान्त लिहिला. अशा गावाने उसना मुखवटा चढवायचा?

त्यापेक्षा गावातल्या हत्तीखान्याच्या लेण्यांना धड दिशाफलक लावा, कुलदेवता योगेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्या कोकणस्थ कुळांसाठी स्वच्छ खोल्या बांधा. पोर्तोफिनो राहू द्या इटलीतच.