जखम भरते त्यानंतर

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस नाशिकच्या औरंगाबाद रोडवर, नांदूर नाक्याजवळ ट्रकला धडकली आणि पेटली. झोपेत असलेले १२ प्रवासी गेले, अनेक जण भाजले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाखांची मदत जाहीर केली. तीन महिने होण्याआधीच, १ जानेवारी २०२३ ला, इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या जिंदाल कारखान्यात आग लागली. त्या दिवशी दोन कामगार महिलांचा जीव गेला, इतर अनेक जण भाजले. दोन्ही वेळा आठवडाभर बातम्या आल्या. मग जखमी दवाखान्यात राहिले आणि बातमी पुढे गेली.

सरकारी मदत ही सरकारची इच्छा असते. भरपाई हा हक्क असतो आणि तो मागावा लागतो. पण मागायचा कशाबद्दल? हात गेला तर उत्तर सोपं आहे. भाजलेल्या माणसाचा हात जागेवरच असतो.

आपल्याकडच्या कायद्याला हा प्रश्न पडायला बराच वेळ लागला. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यात फक्त मृत्यूचा विचार होता. १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा आला आणि त्याने अवयवांचं कोष्टकच मांडलं, जे पुढे सुधारलं गेलं. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, दोन्ही हात गेले तर १०० टक्के. हे कोष्टक वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातच एक नोंद अशी आहे की मी तिथे थांबतो: चेहऱ्याचं अतिशय गंभीर विद्रूपीकरण, १०० टक्के. इथे हात शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत, तरी कायदा म्हणतो की या माणसाची कमाई पूर्ण गेली असं धरा. चेहऱ्याकडे बघून लोक कामावर ठेवत नाहीत, हे कायदा घडवणाऱ्यांपैकी कुणाला तरी नीट कळलं होतं. मान, छाती, बोटं भाजलेल्यांना मात्र या कोष्टकात जागा नाही. त्यांची टक्केवारी डॉक्टरांनी ठरवायची.

दुसरा बदल घडला तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून. ऑक्टोबर १९८७, सातारा जिल्हा, कवठे गावाजवळचा महामार्ग. पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली कलंडला. पेट्रोल गळत राहिलं, आजूबाजूचे लोक जमले आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. त्यात गेलेल्या एका मुलाच्या आईने त्या वेळच्या कायद्यानुसार १५ हजार रुपये मागितले. समोरून युक्तिवाद झाला की अपघात तीन वाजता संपला होता, चार तासांनी लागलेल्या आगीचा वाहनाच्या वापराशी संबंध नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. स्फोट हा त्या टकरीचाच परिणाम आहे, असं ठरलं. रक्कम लहान होती, पण एक मोठी गोष्ट मान्य झाली: धडक बसते त्या क्षणी अपघात संपत नाही.

पुढे २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायालयाने वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डावा हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकतो, सुतार किंवा ड्रायव्हर टिकणार नाही. म्हणजे टक्केवारी माणसाच्या कामाला लावून बघायची. भाजलेल्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. अपंगत्वाची तपासणी करताना सांधा किती अंशांत वाकतो ते मोजतात. पण खोल भाजून कलम केलेल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी उरत नाहीत, त्यामुळे अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. असा माणूस एप्रिलमध्ये द्राक्षबागेत उभा राहू शकत नाही, कारखान्यात तापलेल्या मशिनजवळही नाही. कोपर पूर्ण वाकतं, कागदावर अपंगत्व किरकोळ दिसतं आणि रोजगार मात्र गेलेला असतो. हे वकिलाने मांडलं नाही तर न्यायाधीशांपुढे येणार तरी कसं?

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. कायद्याने चार तासांचं अंतर ओलांडलं, पण वर्षांचं अंतर अजून ओलांडलेलं नाही.

जखम भरल्यावर व्रण जाड होऊ लागतो, खाज सुटते, रात्रीची झोप जाते. व्रण वर येऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे शिवून घ्यावे लागतात. अंघोळ आणि मालिशपुरते काढायचे, एरवी दिवसाचे २३ तास अंगात, वर्ष-दीड वर्ष. किमान दोन जोड लागतात, एक अंगात आणि एक वाळत. लवचीकपणा गेला की काही महिन्यांत नवे. मान भाजली असेल तर कातडी आवळत हनुवटी छातीकडे ओढली जाते, तोंड मिटत नाही. शस्त्रक्रियेने ती सोडवावी लागते. लहान मूल असेल तर आणखी कठीण: मूल वाढतं, व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया.

व्रण स्थिरावायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मोटार अपघाताच्या दाव्याची मुदत मात्र आता सहा महिने आहे. १९९४ मध्ये मुदतीची अट काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण नांदूर नाक्याच्या जखमींना ती लावायची तर एप्रिल २०२३ मध्येच त्यांचं दार बंद झालं, म्हणजे कित्येकांच्या अंगात अजून ते कपडे असतानाच. ही अट मला अन्यायाची वाटते.

शिवाय भरपाई एकदाच मिळते. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी पुन्हा रक्कम देण्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही, म्हणून भविष्यातला खर्च निवाड्याच्या वेळीच धरायला हवा. इंग्लंडमध्ये २००५ पासून न्यायालय ठरावीक काळाने हप्त्याहप्त्याने भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतं. आपल्याकडे ती तरतूद होईपर्यंत दाव्यासोबत प्लास्टिक सर्जनचं लेखी मत जोडणं हाच उपाय: पुढे किती शस्त्रक्रिया, कोणत्या वयात, किती खर्चाच्या. दवाखान्याच्या बिलांच्या गठ्ठ्यात हा एक कागद बहुधा नसतो, कारण तो मागायचा असतो हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक दार अर्धंच उघडलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांना स्वतंत्र वर्ग दिला, ते योग्यच झालं. पण बसच्या आगीत किंवा स्टोव्हच्या भडक्यात तसाच चेहरा झालेल्या बाईला त्या वर्गात जागा नाही. तिला सांध्याच्या अंशांतूनच अपंगत्व सिद्ध करावं लागतं. कामगार भरपाईच्या कोष्टकाने चेहऱ्याला १०० टक्के देताना तो कशाने भाजला हे विचारलं नव्हतं. २०१६ च्या यादीत हा प्रश्न का यावा?