टोपीच्या सावलीतील चेहरा आणि प्रामाण्याचा प्रश्न

छायाचित्र टिपताना कॅमेऱ्याच्या संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा, याच्या निश्चितीला एक्स्पोजर म्हणतात. व्यवहारात ती निश्चिती भिंगाच्या छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि संवेदनशीलता दर्शवणारा आयएसओ हा अंक या तिहींच्या मेळातून होते. तंत्राची पुस्तके हा विषय गणिताचा मानतात, आणि एका मर्यादेपर्यंत तो तसा आहेही. परंतु त्याला ‘योग्य’ हे विशेषण लागले की दर्शनशास्त्रातला एक जुना प्रश्न समोर येतो. योग्य म्हणजे नेमके कशाशी जुळणारे? मैदानावर होता तितक्या प्रकाशाशी, पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसले त्याच्याशी, की ज्या मुलाचे चित्र काढले जात आहे त्याच्याशी?

हा प्रश्न तपासण्यासाठी मुंबईतील आझाद मैदानावरचे शालेय क्रिकेट हे उत्तम उदाहरण ठरते. ज्या हॅरिस शील्ड स्पर्धेत १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तिचे सामने अशाच खुल्या मैदानांवर होत आले आहेत. हिवाळ्यातले स्वच्छ ऊन, पांढरे कपडे, पिवळट कोरडी माती, आणि एका सामन्याच्या सीमारेषेत दुसऱ्या सामन्याचे क्षेत्ररक्षक उभे असल्यामुळे चौकटीत कोठूनही शिरणारे आणखी पांढरे कपडे, असे ते दृश्य असते. या सगळ्या पांढऱ्याच्या मधोमध, टोपीच्या सावलीत, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा सावळा चेहरा असतो आणि चित्र बहुधा त्या चेहऱ्यासाठीच काढलेले असते.

कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजतो. समोर काय आहे हे त्याला कळत नसल्याने त्याच्या रचनेतच एक गृहीतक बसवलेले असते, ते असे की दृश्याची सरासरी एका मध्यम करड्या छटेइतकी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी ढोबळमानाने १२ ते १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी असते. पांढरा क्रिकेटचा शर्ट त्याच्या चौपट-पाचपट प्रकाश परत पाठवतो. मीटर त्या शर्टालाही करडा समजतो, ऊन फार आहे असा निष्कर्ष काढतो आणि एक्स्पोजर कमी करतो. शर्ट मळकट दिसतो आणि चेहरा काळवंडतो. दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात, त्याच जागी गडद निळ्या जर्सीतला फुटबॉलचा संघ आला, तर तोच मीटर उलट्या बाजूला चुकतो आणि चेहरे फिकट पडतात. ऊन बदललेले नसते, बदललेले असतात ते कपडे.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत ही अन्यथाख्याती होय, म्हणजे एका वस्तूचा धर्म दुसरीवर लादून होणारे भ्रांत ज्ञान. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल भासतो, तेव्हा लाली फुलाची असते आणि ती स्फटिकाची समजली जाते. येथे उजळपणा कापडाचा असतो आणि तो उन्हाचा समजला जातो. प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, याची नैयायिकांची व्याख्या अशी आहे की जो धर्म जेथे खरोखर आहे तेथेच तो प्रतीत व्हावा. या कसोटीवर परतलेल्या प्रकाशाचे मीटर आणि पडणाऱ्या प्रकाशाचे मीटर यांतला भेद केवळ उपकरणांचा राहत नाही. दुसऱ्या प्रकारचे मीटर खेळाडूच्या जागी धरून सूर्याकडून येणारा प्रकाश मोजते. कोण गोरा, कोण सावळा, कोणाचा शर्ट पांढरा याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मैदानाच्या मध्यभागी जाऊन ते धरणे शक्य नसेल, तर जुने छायाचित्रकार स्वतःच्या तळहातावरून मोजणी करतात. तळहात मध्यम करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप, म्हणजे दुपटीने उजळ असतो आणि त्वचेचा वर्ण कोणताही असला तरी तळहातात फार फरक पडत नाही. त्याहून सोपा ‘सनी सिक्स्टीन’ नावाचा नियम आहे: स्वच्छ उन्हात छिद्राचा अंक १६ ठेवावा आणि शटरचा काळ आयएसओच्या अंकाचा व्यस्तांक धरावा. आयएसओ ४०० असेल तर काळ १/४०० सेकंद, छिद्र ५.६ पर्यंत मोठे केले की तीन स्टॉप मिळतात आणि काळ १/३२०० सेकंदापर्यंत खाली येतो, जो क्रिकेटला उत्तम चालतो. या नियमात दृश्याकडे पाहण्याची गरजच नसते, कारण स्वच्छ दिवशी सूर्य सर्वांवर सारखाच पडतो.

पण सूर्याची ही समदृष्टी टोपीच्या कडेपाशी संपते. उन्हातला पांढरा शर्ट आणि टोपीच्या छायेतला सावळा चेहरा यांतले अंतर सहज पाच स्टॉपपर्यंत जाते, म्हणजे एक दुसऱ्याच्या ३२ पट उजळ असतो. कोरड्या मातीवरून वर उसळणारा प्रकाश चेहऱ्याला थोडा आधार देतो, हिरवळ तितका देत नाही. पडणाऱ्या उन्हाशी तंतोतंत इमान राखणारे एक्स्पोजर अशा वेळी कपड्याला न्याय देते आणि माणसाला अंधारात ठेवते. मोजमापात चूक नसताना ज्ञान अपुरे राहते, ही स्थिती चुकीच्या मोजमापाहून अधिक विचार करायला लावणारी आहे.

मध्य म्हणून जे ठरवले जाते ते कोणाचे मध्य, हा प्रश्न छायाचित्रणाच्या इतिहासाने एकदा फार उघडपणे विचारला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत छपाईचा मेळ बसवण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुनाचित्र पाठवत असे, त्यावर गौरवर्णी स्त्री असे. अशा चित्रांना ‘शर्ली कार्ड’ असे नाव पडले. सावळे आणि काळे चेहरे त्या मापात तपशील गमावत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी दाखवून दिले आहे की फिल्ममधील तपकिरी छटा सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या उत्पादकांच्या तक्रारींचाही हात होता. माणसांच्या चेहऱ्यांआधी कपाटांची दाद लागली, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही. यंत्राचे गृहीतक तटस्थ भासते ते त्यातली निवड आधीच कोणीतरी करून ठेवलेली असल्यामुळे.

एक्स्पोजरचे दुसरे अंग काळाचे आहे, आणि तेथे प्रश्न अधिक खोल जातो. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी ‘न्यायबिंदू’ या ग्रंथात प्रत्यक्ष ज्ञानाची दोन लक्षणे सांगितली: ते कल्पनेपासून मुक्त हवे आणि भ्रांत नसावे. भ्रांतीच्या कारणांत त्यांनी नेत्रविकार आणि नावेतला प्रवास यांच्याबरोबर वेगाने फिरणे हेही सांगितले आहे. जळते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे चक्र दिसते, हे त्याचे परंपरेतले उदाहरण. कॅमेऱ्याचे शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तर त्यालाही ते चक्रच दिसते, आणि १/२००० सेकंदात फक्त एक ठिणगी दिसते. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू १/२५० सेकंदात सुमारे ११ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाहून अधिक. १/४००० सेकंदात तो ७ मिलिमीटरच सरकतो आणि चित्रात त्याची शिवण जवळजवळ स्पष्ट दिसते. यांपैकी अभ्रांत कोणते? क्षणिकवादी बौद्ध ठिणगीच्या बाजूने कौल देईल, कारण त्याच्या मते प्रत्येक क्षणी वस्तू नवी असते आणि सातत्य ही मनाची जोडणी आहे. परंतु हवेत टांगलेला, गोठलेला चेंडू मैदानावर कोणीच पाहिलेला नसतो. गोलंदाजाच्या हातातून तो सुटला हे ज्ञान गतीचे आहे आणि गती एका क्षणात मावत नाही. म्हणून मुलाचा चेहरा स्थिर आणि मनगट किंचित पुसट ठेवणारा १/५०० सेकंदाच्या आसपासचा काळ अनेकदा अधिक सत्य वाटतो, जरी स्पर्धेच्या बातमीसाठी संपादक तो नाकारण्याचीच शक्यता जास्त.

एक्स्पोजर जमले हे ओळखायचे कसे, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद जसाच्या तसा मैदानावर उतरतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. कारणात दोष आढळेपर्यंत किंवा विरोधी ज्ञान होईपर्यंत ते खरेच धरावे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, त्या ज्ञानावर आधारलेली कृती सफल होते की नाही यावरून कळते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र पाहून समाधान मानणारा छायाचित्रकार नकळत मीमांसक असतो, आणि भर उन्हात तो हमखास फसतो, कारण लख्ख प्रकाशात तो पडदाच काळसर दिसतो आणि चित्र अंधारे आहे असे वाटून हात एक्स्पोजर वाढवू लागतो. येथे कारणातच दोष आहे, हे मीमांसकही मान्य करील. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे वितरण दाखवणारा आलेख, हा नैयायिकांच्या बाजूचा साक्षीदार आहे: आलेख उजव्या कडेला आदळून कापला गेला असेल, तर शर्टाचा तपशील कायमचा गेलेला असतो, मग पडद्यावरचे चित्र कितीही मोहक दिसो.

यावरून योग्य एक्स्पोजर ही निव्वळ आवडीची बाब ठरत नाही. प्रकाशाचे माप, संवेदकाची मर्यादा आणि चेंडूचा वेग ही तथ्ये कोणाच्या इच्छेने हलत नाहीत. पण त्या तथ्यांच्या आत कोणती वस्तू ज्ञानाचा विषय व्हावी हे तथ्ये सांगत नाहीत, आणि तेथे छायाचित्रकाराला उत्तरदायित्व घ्यावे लागते. मुलांच्या खेळात ते थोडे वाढते, कारण आपण कसे दिसावे यावर प्रौढ खेळाडूसारखा अधिकार त्यांना नसतो. रॉ स्वरूपात चित्र साठवले की हा निर्णय नंतर संगणकावर घेता येतो, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निम्मा खरा आहे. सावलीतला चेहरा नंतर दोन-तीन स्टॉप उजळता येतो, त्यात दाणेदारपणा वाढतो एवढेच. मात्र संवेदकाच्या क्षमतेपलीकडे गेलेले पांढरे कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून चेहऱ्याचा निर्णय पुढे ढकलता येतो, शर्टाचा येत नाही: मागच्या सामन्यातील क्षेत्ररक्षकाचा शर्ट जळून कोरा झाला तर चालेल की नाही, आणि समोरच्या गोलंदाजाच्या खिशावरचे शाळेचे चिन्ह किती धोक्यात घालायचे, हे शटर दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते.